रद्दीत जाणारे खेळ

महोदय,

ग्रंथालयांनी जुन्या मासिकांचे काय करावे, याविषयीची वाचकांची पत्रे आपल्या सदरात वाचली. त्यांत संगणकविषयक मासिकांचा उल्लेख कुणी केला नाही, म्हणून हे पत्र.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ही मासिके खेळांचे आख्खे प्रोग्रॅम 'बेसिक' या संगणकाच्या भाषेत छापत. वाचकाने ते ओळ न् ओळ टाइप करायचे, की खेळ सुरू. मामांनी अमेरिकेहून आणलेल्या गठ्ठ्यातला असा एक खेळ आम्ही मित्रांनी कॉलेजच्या संगणकावर, यंत्राला न समजणाऱ्या ओळी गाळून, चालवला होता. पुढे नाव विसरलो. लक्षात राहिला तो राज्यकारभार.

अलीकडे त्याचा शोध घेऊ लागलो, तर जो तो 'हमुराबी'कडे बोट दाखवी. खेळ उत्तमच आहे. १०० माणसे, १००० एकर जमीन आणि २८०० बुशेल (धान्याचे एक माप) धान्य घेऊन १० वर्षे राज्य करायचे. माणशी २० बुशेल पुरवले नाहीत तर लोक उपाशी मरतात आणि एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त मेले तर गादी जाते. पण मला आठवत होता तो न्यायाचा प्रश्न, आणि तो यात नव्हता. आमच्या खेळात न्याय किती कठोर ठेवायचा हे दरवर्षी ठरवावे लागे. कठोर ठेवला की तिजोरी भरे, पण रयत राज्य सोडून पळे. सतरा-अठराव्या वर्षी राज्यशास्त्राचा याहून चांगला धडा मला कुणी दिला नाही.

त्याच धाग्यावरून खेळ सापडला: जॉर्ज ब्लँक यांचा 'सांता पाराविया एन फ्युमाचियो'. 'सॉफ्टसाइड' मासिकाच्या डिसेंबर १९७८च्या अंकात तो टीआरएस-८० संगणकासाठी छापला होता. पंधराव्या शतकातले इटलीतले नगरराज्य चालवायचे, बाजार, गिरण्या, राजवाडा, कॅथेड्रल बांधायचे आणि सरदारकीच्या पायऱ्या चढत मरणाआधी राजा व्हायचे.

राज्य चालवण्याच्या या खेळांच्या घराण्याचा मूळ पुरुष मात्र गेला. १९६४मध्ये मेबल अ‍ॅडिस या अमेरिकी शिक्षिकेने सहावीच्या मुलांसाठी आयबीएमच्या मदतीने 'सुमेरियन गेम' रचला. तो मोठ्या संगणकावर चाले, आणि त्याचा प्रोग्रॅम आज कुठेही नाही; काही डावांचे छापील कागद मात्र उरले. 'सांता पाराविया' आजही खेळता येतो, कारण तो मासिकात छापला गेला आणि कुणीतरी ते अंक जपले.

आपल्याकडे 'तंत्रज्ञान जुने झाले' म्हणून हीच मासिके सर्वांत आधी रद्दीत निघतात. विद्यापीठे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना विनंती, की ती काढण्याआधी निदान स्कॅन करून ठेवावीत. सुटे अंक नकोत, सलग वर्षांचे हवेत; कारण छापलेल्या प्रोग्रॅममधल्या चुकांच्या दुरुस्त्या पुढच्या अंकांत येत. ज्यांच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील त्यांनीही रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या ग्रंथालयात एकदा विचारावे.

— एक वाचक, ठाणे