समासातल्या ‘कुठे?’बद्दल

आदरणीय बाई,

हे पत्र असं उघडपणे लिहितोय, कारण समोर येऊन आभार मानायला लागलो तर तुम्ही मध्येच एखादा प्रश्न विचाराल आणि आभार बाजूला राहतील.

भूरूपशास्त्राच्या चाचणीत मी लिहिलं होतं, ‘चुनखडक मऊ असतो, म्हणून लवकर झिजतो.’ तुम्ही ‘मऊ’खाली रेघ ओढलीत आणि समासात एकच शब्द लिहिलात : कुठे? मला वाटलं, ठिकाणाचं नाव हवंय. दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन हजर झालो. तुम्ही हसलात आणि फळ्यावर अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या खोल दरीचा उभा छेद काढलात.

त्या कोरड्या प्रदेशात चुनखडकाचा थर शेकडो फूट उंच सरळसोट कड्यासारखा उभा आहे. शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा, थर मात्र ढासळून त्याचा मंद उतार झालाय. मग तुम्ही शेजारीच पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन पर्वताचा छेद काढलात. तिथे पाऊस भरपूर, आणि चुनखडक दरीच्या तळाशी! रांगा उभ्या आहेत त्या वालुकाश्माच्या. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवतं. जिथे पाणीच तुटपुंजं आणि मातीचा थर पातळ, तिथे हे काम जेमतेम चालतं. एकच खडक एकीकडे भिंत होतो, दुसरीकडे खळगा. ‘कठीण’ आणि ‘मऊ’ अशा दोन रकान्यांत सगळे खडक पाठ करून ठेवलेल्या माझी त्या दिवशी चांगलीच पंचाईत झाली.

पुढे कळलं की हवामान सांगूनही उत्तर पुरं होत नाही, शेजारी कोण आहे हेही बघावं लागतं. नायगराच्या माथ्यावरचा डोलोमाइट, म्हणजे चुनखडकाचाच भाऊबंद, कठीण ठरतो तो खालच्या शेलच्या मानाने. शेल आधी पोखरला जातो, वरचा थर आधार सुटून कोसळतो, आणि धबधबा मागे सरकतो. साधारण 12,000 वर्षांत तो असा जवळजवळ 11 किलोमीटर मागे गेलाय.

‘जास्त पाऊस, जास्त झीज’ हे माझं दुसरं लाडकं वाक्य. त्यावरही तुमचा तोच प्रश्न. लँगबाइन आणि शूम या संशोधकांनी 1958 मध्ये अमेरिकेतल्या नद्यांच्या गाळाचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत जास्त गाळ अर्धशुष्क भागात निघाला, वर्षाला सुमारे 300 मिलिमीटर पावसाच्या आसपास. त्याहून कमी पावसात माती वाहून न्यायला पाणी पुरत नाही, जास्त पावसात गवत आणि झाडं माती धरून ठेवतात.

एक तक्रार मात्र आहे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डेव्हिसला तुम्ही एका तासात गुंडाळलंत. त्याच्या 1899 च्या क्षरणचक्रातली, म्हणजे झिजत जाणाऱ्या भूप्रदेशाची, युवा-प्रौढ-वृद्ध ही उतरंड फार सरधोपट आहे, मान्य. पण भूरूप म्हणजे रचना, प्रक्रिया आणि अवस्था, ही त्याची मांडणी अजून उपयोगी पडते, आणि तुमच्या ‘कुठे?’ला तिच्यात दोन जागा आहेत : रचना आणि प्रक्रिया.

सध्या ग्रॅनाइट आणि त्याच्या भाऊबंदांनी मला धरून ठेवलंय. उष्ण, दमट हवेत त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि खडक खोलवर कुजतो. तरी तसल्याच हवेत, ब्राझीलमधल्या रिओच्या किनाऱ्यावर, शुगरलोफ डोंगराचा नागडा घुमट 396 मीटर उंच उभा आहे. कारण त्यात भेगा विरळ. पाण्याला आत शिरायला वाट नाही, आणि एकदा उघडा पडला की पाऊस त्याच्या अंगावरून नुसता घसरून जातो. म्हणजे खडक तोच, हवामान तेच, आणि ‘कुठे?’चं उत्तर दोन भेगांमधल्या अंतरात. हे तेव्हा कळलं असतं तर नकाशाऐवजी मोजपट्टी घेऊन आलो असतो.

मनापासून आभार, बाई.

तुमचा,
नकाशावाला विद्यार्थी