‘वावरात जाणं बंद करा’ असं न म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या दवाखान्यात तुमच्या फिजिओथेरपीच्या, म्हणजे व्यायामानं दुखणं बरं करण्याच्या, खोलीबाहेर कायम रांग असते. तिथं उभ्या-उभ्या मनातलं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असंच लिहिते आहे, कारण आमच्या भागात गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या बाया घरोघरी आहेत.

माझं दुखणं गुडघ्याच्या वाटीभोवतीचं. निंदायला उकिडवं बसलं की उठताना कळ यायची. धुऱ्यावरून खाली उतरताना यायची. आर्णीहून यवतमाळपर्यंत एसटीत पाय दुमडून बसलं की उतरल्यावर गुडघा सरळ व्हायला वेळ लागायचा. ज्याला त्याला विचारलं, तर उत्तर एकच : झीज झाली, आता शेतातलं काम सोडा. कापूस आणि सोयाबीनवर ज्या घराचं वर्ष निघतं, त्या घरातल्या बाईनं हे ऐकून करायचं काय? गोळी घ्यायची, बेल्ट बांधायचा आणि परत वावरात जायचं, असं चाललं होतं.

तुम्ही मात्र आधी माझं काम विचारलंत. निंदणाला सलग किती वेळ बसता, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन किती चालता, विहिरीला पायऱ्या आहेत का. मग लाकडी स्टुलावरून दुखऱ्या पायावर भार देऊन हळू खाली उतरायला लावलंत आणि दहापैकी किती दुखतं ते विचारलंत. मी सहा म्हणाले. तुम्ही मला झोपवून पाय सरळ, मांडी सैल ठेवायला सांगितली. आधी पांढरी मऊ पट्टी लावली, तिच्यावर ती तपकिरी, न ताणली जाणारी. वाटीच्या बाहेरच्या कडेवर चिकटवून आतल्या बाजूला ओढलीत आणि दुसऱ्या हातानं आतली कातडी वाटीकडे गोळा करून धरलीत, तिथं बारीक सुरकुत्या पडल्या. परत त्याच स्टुलावर उभं केलंत. आता दुखणं दोनवर आलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्ही पाहिलंत की नाही मला माहीत नाही.

खरं तर त्याच क्षणी मी पट्टीची भक्त झाले असते. दुसरं कुणी असतं, तर ‘बघा, बरं केलं की नाही’ म्हणून पाठवून दिलं असतं. तुम्ही मला बसवून घेतलंत आणि सांगितलंत की ही पट्टी दुखणं थोडे दिवस कमी ठेवते, तेवढ्या दिवसांत व्यायाम सुरू करायचा. नुसत्या पट्टीवर पुढे फार काही मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या जेनी मॅकॉनेल या फिजिओथेरपिस्टनं १९८६ साली ही पद्धत मांडली, हेही तुमच्याकडूनच कळलं. तेव्हा जाणकारांना वाटायचं, की पट्टी वाटीला मांडीच्या हाडाच्या खोबणीत जागेवर ओढून आणते. पुढे झालेल्या अभ्यासांत पट्टीनं वाटी तितकी सरकलेली दिसलीच नाही, तरी दुखणं मात्र कमी होतं, असं तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत. ‘तुमची वाटी सरकली होती, मी बसवली’ असं म्हणणं तुम्हाला किती सोपं होतं! तुम्ही म्हणाला नाहीत, तिथंच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

गुडघा जितका वाकतो तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, म्हणून उकिडवं बसणं आणि पायऱ्या या दोन गोष्टी सगळ्यात आधी दुखतात, हे तुम्ही स्वतःचा गुडघा वाकवून दाखवलंत. मला नवल वाटलं ते खुब्याचं. दुखतो गुडघा, आणि व्यायाम खुब्याचा कसा? तुम्ही आरसा समोर ठेवून मला पायरी उतरायला लावली. गुडघा आत झुकत होता. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की मांडी आत वळते आणि वाटीवरचा ताण वाढतो, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

मग कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली बसणं, आणि ओट्याच्या पायरीवर चढ-उतार. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवस आड. रबरी पट्टा विकत घ्यायला सांगण्याऐवजी तुम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मांड्यांभोवती बांधून दाखवलात. तो अजून सपरीतल्या खुंटीला आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर फेरे कमी करायचे, हा तुमचा हिशेब मला फार उपयोगी पडला. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात हेही आधीच सांगितलंत, म्हणून मधे कंटाळा आला तेव्हा धीर सुटला नाही.

पट्टी लावायला माझ्या मुलीला शिकवलंत. वावरात जाण्याआधी लावायची, घरी आलं की काढायची, काढताना कातडी धरून हळू सोलायची. तेल लावलेल्या पायावर ती चिकटत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात घामानं सुटते. खाज आली किंवा कातडी लाल झाली तर लगेच काढून दोन-चार दिवस पाय मोकळा ठेवायचा. हे सगळं तिनं वहीत लिहून घेतलं आहे.

आणि काम? ते तुम्ही बंद केलं नाहीत, वाटून दिलंत. पिकाची एक ओळ निंदून झाली की उठून चालायचं, एक गुडघा टेकून निंदायचं, गाठोडी लहान बांधायची. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, ‘असं थांबत-थांबत निंदण व्हते का?’ झालं, ताई. तण आमच्या वावरातलं वेळेत निघालं, आणि वेचणीही मी पूर्ण केली. आता पट्टीची गरज पडत नाही. व्यायाम आठवड्यातून दोनदा करते, ते सोडायचे नाहीत हे मी स्वतःच ठरवलं आहे.

गल्लीतल्या बाया आता मलाच म्हणतात, ‘मले बी लावून दे ना ते.’ मी लावत नाही. तपासल्याशिवाय कुणाला लावायची नाही, हा शब्द तुम्ही माझ्याकडून घेतला होता. गुडघा सुजलेला असेल, अडकत असेल, चालताना एकदम दगा देत असेल किंवा अंगात ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, हे मी सगळ्यांना सांगते. पुढच्या आठवड्यात आमच्याकडच्या तिघी तुमच्याकडे येत आहेत. त्यातल्या एकीच्या गुडघ्याला सूज आहे, तिला मी आधी डॉक्टरांच्या खोलीत पाठवीन. तिघीही तुमच्यासमोर फार बोलणार नाहीत, लाजतील. पण तुम्ही त्यांना त्यांचं काम विचारा, मग बोलतील.

तुमची ऋणी,
आर्णी तालुक्यातली एक शेतकरी बाई