मॅनेजमेंट पोर्टची केबल जाते कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राउटरचा मूळ पासवर्ड लगेच बदला, हा आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतला सल्ला रास्त आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. पण नेटवर्क उभारणे हेच माझे काम असल्याने सांगावेसे वाटते, की कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये यांचे दुखणे पासवर्डच्याही आधी सुरू होते.

मोठ्या राउटरला दोन खास पोर्ट असतात, कन्सोल आणि मॅनेजमेंट. दोन्ही दिसायला बऱ्याचदा सारखेच. कन्सोलला लॅपटॉप त्याच्या खास केबलने थेट जोडायचा. जुन्या-नव्या अनेक उपकरणांवर या जोडणीचा वेग सेकंदाला ९६०० बिट असतो, काहींवर ११५२००. लॅपटॉपवरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की पडद्यावर गिचमीड अक्षरे उमटतात आणि चांगला राउटर बिघडला म्हणून परत पाठवायची तयारी सुरू होते. मॅनेजमेंट पोर्टला मात्र स्वतःचा आयपी पत्ता लागतो. नेहमीची वर्दळ त्यावरून जाता कामा नये, दुरून राउटरपर्यंत पोचण्यासाठीच तो ठेवलेला असतो.

आता प्रत्यक्षात काय दिसते? रॅकच्या, म्हणजे उपकरणांच्या मांडणीच्या, मागे जाऊन मॅनेजमेंट पोर्टची केबल बोटांनी चाचपत गेले, की ती त्याच रॅकमधल्या नेहमीच्या स्विचमध्ये (उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीत) घुसलेली सापडते. त्या स्विचपर्यंत बाहेरून पोचायची वाट जाते याच राउटरमधून. नेटवर्कच्या नकाशावर मॅनेजमेंटची रेघ वेगळ्या रंगात काढलेली असते, भिंतीवर छान दिसते. राउटर बंद पडला की त्याला दुरुस्त करायची वाटही त्याच क्षणी बंद. दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखे हे आहे.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांचे मुख्य नेटवर्क तुटले, पर्यायी वाटही चालेना, आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष धाडावे लागले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीची सेवा कोसळली, तेव्हा त्यांचे मॅनेजमेंट नेटवर्क मुख्य नेटवर्कवरच अवलंबून होते. नेमके काय बिघडले हे शोधायलाच त्यामुळे तासन्‌तास गेले.

करायचे ते फार अवघड नाही. मॅनेजमेंट पोर्टसाठी वेगळा स्विच घ्या, साधा चालतो. राउटरमध्ये त्या पोर्टला स्वतंत्र व्हीआरएफ (राउटरमधला मार्गांचा वेगळा तक्ता) द्या, नाहीतर मॅनेजमेंट आणि नेहमीच्या वर्दळीचे मार्ग एकमेकांत मिसळतात. लॉग (नोंदी), घड्याळ जुळवणे आणि एसएनएमपी (उपकरणांवर दुरून नजर ठेवायची पद्धत) यांनाही हीच वाट लावून द्या. हे हमखास विसरले जाते. दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवते, म्हणून ते बंद करून फक्त सांकेतिक रूपात माहिती पाठवणारे एसएसएच ठेवा, तेही ठरावीक पत्त्यांनाच. दूरच्या ठिकाणी कन्सोल सर्व्हर (कन्सोल पोर्टपर्यंत दुरून पोचवणारे उपकरण) बसवून त्यात दुसऱ्या कंपनीचे मोबाईल सिम घाला. आणि लॉगिनचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नका. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने जून २०२३ मध्ये केंद्रीय नागरी खात्यांना अशी उघडी उपकरणे आढळल्यापासून १४ दिवसांत बंदोबस्त करायला सांगितले, ते उगाच नाही.

निविदेत गिगाबिटचे आकडे ठळक असतात आणि खर्चाला कात्री लावताना मॅनेजमेंट स्विचची ओळ सर्वांत आधी उडते, याचे मला फार वाईट वाटते. रुग्णालयाचे नेटवर्क अडकले की तपासण्यांचे अहवाल अडकतात, रुग्ण ताटकळतात. म्हणून खरेदी करणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे: काम ताब्यात घेताना मुख्य लाईन सर्वांसमोर काढायला लावा आणि त्याच वेळी बाहेरून राउटरवर लॉगिन करून दाखवा म्हणावे. जमले नाही, तर शेवटचे बिल रोखून धरा.

आपली,
एक नेटवर्क अभियंता