मेन.सीएफ कोडसारखी सांभाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर आता तुझ्याकडे आला आहे, तर मेन.सीएफ ही त्याची सेटिंगची फाइल प्रोग्रॅमच्या कोडइतकीच जप. तिच्यातल्या चुकीने सर्व्हर सहसा बंद पडत नाही. मेल मात्र भलतीकडे जातो, म्हणून ती लवकर सापडत नाही.

सगळ्यात फसवी आहे ती ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. अशी ओळ वरच्या सेटिंगचाच पुढचा भाग धरली जाते, मध्ये कॉमेंट (# ने सुरू होणारी, सर्व्हर वाचत नाही अशी टीप) असली तरीही. 'मायनेटवर्क्स =' (विश्वासातल्या मशीनच्या पत्त्यांची यादी) एवढ्याच ओळीला # लावलास आणि खालचे आत सरकवलेले पत्ते तसेच राहिले, तर ते त्याच्या वरच्या सेटिंगला जाऊन चिकटतात. किमतीपुढे त्याच ओळीत लिहिलेली कॉमेंटही किमतीचाच भाग होते. म्हणून कॉमेंट वेगळ्या ओळीवर लिही, आणि तिच्यात कारण लिही: हा आयपी कुठल्या प्रिंटरचा, ही सूट कधी काढायची.

एकच सेटिंग दोनदा आली की शेवटची लागू होते. तळाला ओळ जोडण्याआधी ग्रेप करून (फाइलीत ते नाव शोधून) बघ.

मेल घ्यायचा की नाकारायचा हे ठरवणाऱ्या नियमांची यादी म्हणजे इफ-एल्सची साखळी. पहिला निर्णय लागला की ती यादी तिथेच संपते. बाहेरच्यांसाठीचा परका मेल नाकारणाऱ्या 'रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन'च्या वर पाठवणाऱ्यांची यादी ठेवून तिच्यात 'ओके' लिहिलंस, तर तो पत्ता खोटा लावून कुणीही तुझ्या सर्व्हरवरून बाहेर मेल पाठवू शकतो. २०१३ च्या २.१० आवृत्तीपासून रिलेच्या (मेल पुढे बाहेर पाठवण्याच्या) नियमांना 'एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स' ही स्वतंत्र जागा आहे. रिलेचे नियम तिथे ठेव, स्पॅमचे दुसरीकडे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

बदल आधी फोल्डरच्या कॉपीत कर. सेटिंग दाखवणाऱ्या 'पोस्टकॉन्फ -सी'ला त्या फोल्डरचा पत्ता आणि '-एन' दे, आधीच्या आउटपुटशी डिफ लाव (फरक बघ). 'अनयूज्ड पॅरामीटर' अशी वॉर्निंग आली की बहुधा नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. हॅश टेबल (पोस्टफिक्सची शोधयादी) बदललंस की तिची .डीबी फाइल बनवणारी पोस्टमॅप ही कमांड चालव, मग 'पोस्टमॅप -क्यू'ने विचारून बघ. ती कमांड दिलेली 'की' (शोधायची नोंद) जशीच्या तशी शोधते. पूर्ण पत्ता विचारलास तर नुसत्या डोमेनची नोंद सापडणार नाही, तेवढ्याने घाबरू नकोस.

सगळं गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठेव, फक्त एसएएसएल (लॉगिनच्या) पासवर्डची फाइल आणि तिची .डीबी वगळून. पहिल्या दिवशी 'सॉफ्ट_बाउन्स = येस' लाव: ५५० (कायमचा नकार) च्या जागी ४५० (नंतर पुन्हा पाठवा) जाईल आणि तुझ्या चुकीने नाकारलेला मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबेल. लॉग स्वच्छ दिसला की ती ओळ काढ, आणि काढल्याचं कमिट कर.

तुझा,
अविनाश