पुसण्याआधी निदान एक फोटो काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भिंती विद्रूप करणाऱ्यांना जबर दंड करा आणि भिंती तातडीने धुऊन काढा, असे आपल्या संपादकीयात वाचले. दंडाबद्दल माझे काही म्हणणे नाही. हे पत्र आहे ते 'तातडीने' या शब्दासाठी. जुन्या इमारतींच्या भिंती दुरुस्त करण्यात माझी छत्तीस वर्षे गेली.

भिंतीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला कलावंत म्हणणे मलाही पटत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या अंगावरच, जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. लेणी नव्याने केव्हा उजेडात आली ते या तारखेवरून कळते, म्हणून तिचा उल्लेख होत राहतो. पण त्या टोकाखाली जो रंग उडाला तो उडालाच.

सिगिरियाची गोष्ट वेगळी आहे. श्रीलंकेतल्या त्या कड्यावर आरशासारखी घोटलेली चुन्याची भिंत आहे. आठव्या ते दहाव्या शतकांत तिथे आलेल्या प्रवाशांनी वरच्या चित्रांतल्या स्त्रियांना उद्देशून तिच्यावर कविता कोरल्या. लिहिणाऱ्यांत बायकाही होत्या. लिहायला कोणी सांगितले नव्हते, परवानगीही कोणाची नव्हती. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ कविता वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. जुन्या सिंहली भाषेचा एवढा ऐवज एका चकचकीत भिंतीवर टिकला, कारण ती कोणी 'स्वच्छ' केली नाही.

पाँपेई या प्राचीन रोमन शहरातही तेच. प्रेमपत्रे, शिव्या, हिशेब, सगळे गिलाव्यावर. कोणीतरी तर भिंतीलाच विचारले आहे की, इतक्यांचे कंटाळवाणे लिखाण अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस? हे वाचायला मिळते ते इ. स. ७९ मध्ये शहर गाडून टाकणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. शहर नांदते राहिले असते तर पुढच्याच रंगकामात सगळे गेले असते.

आणि माणसांनी जाणून जपलेलेही आहे. बर्लिनच्या राइशस्टागमध्ये १९४५ साली सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने आणि खडूने नावे लिहिली होती. १९९० च्या दशकात नूतनीकरण करताना ती पुन्हा उघडी पडली, तेव्हा हरलेल्या देशाने ती आपल्या संसदेच्या भिंतीवर राहू दिली.

आता माझे सांगते. एका जुन्या जिन्यातला स्प्रेचा रंग काढायचे काम माझ्याकडे होते. कागदाच्या लगद्यात द्रावण मुरवून त्याचा लेप लावायचा, रंग त्यात ओढला गेला की हलक्या हाताने सोलायचा. तिसरा लेप सोलताना खाली शिसपेन्सिलीच्या रेघा दिसल्या. बांधकामाच्या वेळी गवंड्याने पायऱ्यांची मापे मांडली होती. एक आकडा खोडून शेजारी दुसरा लिहिला होता. मी थांबायची परवानगी मागितली. कामाच्या कागदावर 'भिंत स्वच्छ करणे' एवढेच आहे, असे उत्तर आले. संध्याकाळपर्यंत स्प्रेही गेला आणि गवंडीही. मी फोटो काढला नाही, याची टोचणी अजून जात नाही.

म्हणून विनंती एवढीच: सफाईच्या प्रत्येक आदेशात एक ओळ घाला. आधी तिरप्या प्रकाशात भिंत पाहा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, तारीख टाका, मगच लेप लावा. यात अर्धा दिवस जातो.

आपली,
एक निवृत्त भित्तिसंवर्धक