पाळी गेली म्हणजे सगळं संपलं का?

संपादक महोदय, स. न.

मेनोपॉजवर लेख येतात पण त्यात हॉट फ्लॅशेस (अंगातून अचानक गरम वाफा येणं), हाडं, चिडचिड एवढंच असतं, संबंधांच्या वेळी दुखतं हे कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. मी ५६ वर्षांची आहे. चार वर्षं हे सहन केलं, नवऱ्याला वाटायचं मला तो नकोसा झालाय आणि मला सांगायची लाज वाटायची, डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या आता या वयात कशाला. फार लागलं ते मनाला.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं की इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की योनीची त्वचा पातळ नि कोरडी होते, लघवीची जळजळही त्यामुळेच, आणि हॉट फ्लॅशेससारखं हे आपोआप जात नाही. कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम तिथेच लावायचं, रक्तात फारच थोडं जातं. मला काही आठवड्यांत फरक पडला.

हार्मोन म्हटलं की कॅन्सर, ही भीती २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध गोळीचं होतं, क्रीमचं नाही. ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये, आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर आधी तपासणी.

तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सविस्तर लिहायला सांगा ना, प्लीज.

– एक वाचक