आठ कलांचा फरक

प्राग

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "आम्ही नऊ ग्रह पाठ केले, आता म्हणे आठच. उद्या सात म्हणतील. मग या शास्त्रज्ञांचं खरं मानायचं तरी कधी?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र प्रश्न डोक्यात घोळत राहिला. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढण्याचा ठराव झाला तो याच शहरात, २४ ऑगस्ट २००६ रोजी. आज सुट्टी होती, म्हणून जुन्या चौकात जाऊन आले आणि आता लिहायला बसले आहे.

चौकातल्या टाउन हॉलच्या भिंतीवर १४१० सालचं घड्याळ आहे. तबकडीच्या मधोमध पृथ्वी, आणि सूर्य-चंद्र काट्यांवर बसून तिच्याभोवती फिरतात. आकाशाकडे पाहून कुणालाही तसंच वाटेल, त्यात अडाणीपणा काही नव्हता. नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने या घड्याळाच्या फार आधी लिहून ठेवलं होतं, पण सर्वमान्य झालं ते प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीचं गणित. ग्रह एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि ते वर्तुळ मोठ्या वर्तुळावर, अशी त्याची मांडणी. ती चौदाशे वर्षं टिकली, कारण उत्तरं बऱ्यापैकी जुळायची. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्ये आणला. मंगळ वक्री का होतो हे त्यामुळे सोपं झालं: पृथ्वी त्याला मागे टाकून पुढे जाते, तेवढा काळ तो उलटा चालल्यासारखा दिसतो. वर्तुळं मात्र कोपर्निकसनेही सोडली नाहीत.

घड्याळापासून चौक ओलांडला की टिनचं चर्च लागतं. तिथे टायको ब्राहेची कबर आहे. तांबूस संगमरवरी शिळेवर चिलखत घातलेली त्याची आकृती कोरली आहे. मी बराच वेळ तिथे उभी होते. या माणसाने दुर्बीण निघायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या कोनमापक यंत्रांनी ग्रहांच्या जागा वर्षानुवर्षं टिपल्या. स्वतः तो पृथ्वी स्थिर मानायचा. ती फिरत असेल तर ताऱ्यांच्या जागा वर्षभरात किंचित सरकायला हव्यात, आणि त्याला त्या सरकलेल्या दिसत नव्हत्या. (त्या सरकतात, पण इतक्या कमी की १८३८ पर्यंत ते कुणालाच पक्कं मोजता आलं नाही.)

१६०१ मध्ये टायको इथेच वारला आणि नोंदी त्याचा सहकारी केप्लर याच्या हाती आल्या. बाबा, माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे. केप्लरने मंगळासाठी वर्तुळाचं गणित रचलं, त्यात वर्षं घातली, आणि ताडून पाहिलं तर नोंदींशी आठ कलांचा फरक आला (एका अंशाच्या साठ कला). पौर्णिमेचा चंद्र साधारण तीस कलांचा दिसतो, म्हणजे त्याच्या जेमतेम पाव भागाइतका. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, मोजताना चूक झाली असेल. पण टायको इतका चुकणार नाही याची केप्लरला खात्री होती. त्याने स्वतःचं गणित टाकून दिलं. मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे हे त्यातून निघालं आणि १६०९ मध्ये छापलं गेलं. ही कक्षा किती लंबवर्तुळ? वीस सेंटिमीटर लांब काढली तर रुंदी एक मिलिमीटरसुद्धा कमी भरत नाही. मी आज कागदावर काढून पाहिली. डोळ्याला ते वर्तुळच दिसतं. सूर्य तेवढा मध्यापासून जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला येतो.

१६८७ मध्ये न्यूटनने या कक्षांमागचं गुरुत्वाकर्षण सांगितलं, आणि पुढचे शोधही असेच लागले. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस हिशेबाप्रमाणे चालेना, तेव्हा लव्हेरिए या फ्रेंच खगोलज्ञाने कागदावर एक नवा ग्रह मांडला. २३ सप्टेंबर १८४६ ला त्याचं पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून दिसला! बुधाच्या कक्षेतही असाच फरक होता, शतकाला ४३ विकलांचा (एका कलेच्या साठ विकला). लव्हेरिएला वाटलं, इथेही आतल्या बाजूला एखादा ग्रह असेल. तो कधीच मिळाला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचाच विचार नव्याने मांडला, तेव्हा त्या ४३ विकला जुळल्या.

आता तुमचा प्लूटो. १८०१ मध्ये सापडलेला सेरेससुद्धा काही दशकं ग्रह म्हणवला जायचा. आसपास सूर्याभोवती फिरणारे तसेच आणखी सापडत गेले, तेव्हा तो लघुग्रहांत गेला. प्लूटोच्या बाबतीत तेच झालं: १९९२ पासून नेपच्यूनपलीकडच्या त्याच्या पट्ट्यातले सोबती सापडू लागले, आणि २००५ मध्ये जवळपास त्याच्याएवढा एरिस. प्लूटो होता तिथेच आहे, शेजार कळला इतकंच.

एक काम सांगते. मंगळ पुढच्या वेळी वक्री होईल तेव्हा दर आठवड्याला, तो कोणत्या ताऱ्यांजवळ आहे त्याचं चित्र वहीत काढून ठेवा. मी इथून काढेन. १६७२ मध्ये एकाने पॅरिसहून आणि दुसऱ्याने दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून मंगळ टिपला होता, आणि त्या दोन जागांतल्या बारीक फरकावरून सूर्याचं अंतर काढलं, सुमारे चौदा कोटी किलोमीटर. खरं अंतर पंधरा कोटींच्या जवळ आहे. आपल्याला नुसत्या डोळ्यांनी तो फरक दिसणार नाही, पण मंगळ थबकून मागे फिरलेला नक्की दिसेल. मी आले की दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहू.

आईला नमस्कार.

तुमची,
ताई